शेवटचा शब्द कोणाचा? विली मिचेल आणि अल ग्रीन यांच्या जोडीबद्दल

प्रश्न असा आला आहे: "मी गाणी लिहितो, चाली बांधतो आणि घरच्या घरी ट्रॅक तयार करतो. माझी एक मैत्रीण आर अँड बी अंगाने फार सुंदर गाते. पण प्रत्येक गाण्यात ती पूर्ण जोर लावते, आणि मला नेमका तिथे हळुवार आवाज हवा असतो. यावरून आमचं दोनदा बिनसलं. अशा जोडीत शेवटचा शब्द कोणाचा? आणि गाणं माझ्या एकट्याच्या नावावर लावायचं की दोघांच्या?"

तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आधी मेम्फिस आठवलं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या त्या शहरात १९७१ साली एक संगीतकार-निर्माता आणि एक गायक नेमके याच मुद्द्यावर अडून बसले होते. "हळू गा," असं निर्माता म्हणत होता, आणि हळू गायलो तर माझा आवाज पातळ, दुबळा वाटेल असं गायकाला वाटत होतं. निर्माता विली मिचेल, गायक अल ग्रीन. त्या वादातून 'लेट्स स्टे टुगेदर' हे गाणं निघालं. तुम्ही ज्या आर अँड बी अंगाने, म्हणजे ब्लूज आणि चर्चच्या गाण्यांतून आलेल्या अमेरिकी गायकीच्या अंगाने, गाणी करताय त्याच्या मुळाशी ही जोडी आहे. पंचवीस वर्षं मी रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे, आणि गायक आणि संयोजक यांच्यातला गुंता समोर आला की मी अजूनही याच दोघांकडे परत जातो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मिचेलबद्दल. जन्म १९२८, मिसिसिपी राज्यातल्या ॲशलंड गावचा, वाढला मेम्फिसमध्ये. वाद्य ट्रम्पेट. तो मूळचा बँडवाला, नाचाच्या जागी रात्र रात्र वाजवणारा आणि जॅझची हार्मनी कानात मुरलेला. हाय रेकॉर्ड्स नावाच्या स्थानिक कंपनीसाठी तो वाद्यसंगीताच्या तबकड्या काढत असे, आणि १९६८ साली त्याचं 'सोल सेरेनेड' बऱ्यापैकी चाललं. कंपनीचा स्टुडिओ म्हणजे जुनं, बंद पडलेलं सिनेमागृह. रॉयल स्टुडिओज हे नाव त्या थिएटरचंच. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. त्या उतारावर वाद्यवृंद बसे. तिथल्या आवाजात उताराचा मोठा वाटा आहे असं मिचेल मानायचा, आणि म्हणून पुढे अनेक दशकं त्याने त्या खोलीत फारसं काही बदलू दिलं नाही.

अल ग्रीन त्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, १९४६ चा. जन्म आर्कान्सामधल्या फॉरेस्ट सिटीचा, मग कुटुंब मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला गेलं. घरातल्या भावंडांबरोबर तो देवाची गाणी गात असे. १९६७ साली 'बॅक अप ट्रेन' या गाण्याने त्याला एकदा यश मिळालं आणि पुढे काही जमेना. साठचं दशक सरता सरता टेक्सासमधल्या मिडलंड गावी एका कार्यक्रमात तो मिचेलच्या बँडबरोबर गायला. मिचेलने त्याला मेम्फिसला यायला सांगितलं. त्या भेटीची गोष्ट दोघांनीही पुढे पुष्कळदा सांगितली आहे. ग्रीनने विचारलं, नाव व्हायला किती दिवस लागतील? मिचेल म्हणाला, दीड वर्ष. ग्रीन म्हणाला, माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

पण वेळ लागलाच. पहिल्या रेकॉर्ड्समध्ये ग्रीन दुसऱ्यांसारखं गाताना ऐकू येतो. थोडा जॅकी विल्सन, थोडा सॅम कुक, थोडा ओटिस रेडिंग, आणि ही गोष्ट त्याने स्वतः कबूल केली आहे. १९७० च्या सुमारास त्याने 'आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू' हे टेम्प्टेशन्सचं गाणं घेतलं. त्यात दम आहे, खरखर आहे, आणि ते ऐकायला छानच आहे. पण त्या काळात मेम्फिसमध्ये असं गाणारे चांगले दहा-बारा जण तरी होते. इथे मिचेलच्या कानाची कमाल आहे. ग्रीनच्या गळ्यात दुसरा एक आवाज आहे हे त्याने ओळखलं. अगदी जवळून बोलल्यासारखा, वर जाताना चिरत नाही, उलट पातळ होत विरघळतो, असा. हा आवाज गायक स्वतः वापरायला तयार नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने तो पुरुषाचा, स्टेजवर उभं राहण्याजोगा आवाज नव्हता.

तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत हे अगदी असंच असेल असं मी म्हणत नाही. पण जोर लावणारा गायक बहुतेक वेळा हट्टी नसतो, तो घाबरलेला असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून टीव्हीवरच्या स्पर्धांपर्यंत टाळ्या कुठे पडतात हे त्याने पाहिलेलं असतं. टाळ्या वरच्या सुरावर पडतात. हळू गाताना श्वास ऐकू येतो, सुरातली थरथर ऐकू येते, उच्चारातली घाई ऐकू येते, लपायला जागाच उरत नाही. तुम्ही "हळू गा" म्हणता तेव्हा तिच्या कानात "उघडी पड" असं पोचतं.

मिचेलने नुसतं "हळू गा" म्हणून सोडून दिलं असतं तर काहीच झालं नसतं. त्याने खोलीतलं बाकी सगळंच त्या हळू आवाजाच्या मापाचं बांधलं. माझ्या मते निर्मात्याचं खरं काम हेच आहे, म्हणून यावर थोडा थांबतो.

त्याच्या वाद्यवृंदात तीन सख्खे भाऊ होते. टीनी हॉजेस गिटारवर, लिरॉय बासवर आणि चार्ल्स ऑर्गनवर. टीनी तर पोरवयात मिचेलच्या घरीच राहायला आला होता. ड्रम्सवर हॉवर्ड ग्राइम्स, आणि काही महत्त्वाच्या गाण्यांना अल जॅक्सन, जो शहरातल्याच स्टॅक्स कंपनीच्या बुकर टी अँड द एमजीज या चमूचा ड्रमर. हे सगळे एकमेकांचा श्वास ओळखणारे लोक. 'लेट्स स्टे टुगेदर'चे ड्रम्स हेडफोन लावून ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा ठोका नुसत्या स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या ड्रमचा, नाही, त्याच्याबरोबर टॉम हा खोल आवाजाचा ड्रमही पडतो. त्यामुळे ठोका चटकन फुटत नाही, 'धप्' असा जाड, मऊ आणि खालच्या सुरात बसतो. झांजांची वरची चमक फार दाबलेली. आता विचार करा, गायकाच्या कुजबुजीचं मुख्य शत्रुत्व कोणाशी? वरच्या पट्ट्यातल्या झगमगाटाशी. 'स', 'श', श्वास, ओठांचा स्पर्श हे सगळं तिथेच राहतं. मिचेलने तो मजला गायकासाठी रिकामा ठेवला.

बास चालतो, पण मध्ये मध्ये गप्प बसतो. गिटार दोन-तीन सुरांचा तुकडा टाकून मागे सरकते. ऑर्गन गादीसारखा खाली पसरलेला. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं, वाजतात ती ओळ संपल्यावर, गायक श्वास घेतो त्या फटीत, आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होतात. कीर्तनात बुवांनी ओळ टाकल्यावर टाळकरी ती उचलतात आणि बुवा परत तोंड उघडणार तेव्हा बरोबर थांबतात, ती जी समज असते, तशीच ही. चाल बांधताना मिचेलने कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, जॅझमधून आणल्या होत्या. साध्या तीन कॉर्डच्या ब्लूजमध्ये गायकाला भाव स्वतःच्या जोरावर उभा करावा लागतो. इथे कॉर्ड बदलली की भाव आपोआप हलतो, गायकाने नुसता सूर धरून ठेवला तरी पुरतं. जोर लावायची गरज चालीनेच काढून टाकली.

ध्वनिमुद्रणही बराचसा तो स्वतःच करायचा. ग्रीनसाठी एक ठरलेला माइक होता, आरसीए कंपनीचा जुना रिबन माइक, त्यावर ९ हा आकडा लिहिलेला. रिबन माइकची एक खोड तुम्हाला माहीत असेलच. गायक जितका जवळ येईल तितका खालचा भाग भरत जातो. पातळ आवाज जवळून गायला की त्याला आपोआप अंग येतं, आणि वरची धार मात्र बोचत नाही. ग्रीनला स्वतःचा आवाज दुबळा वाटत होता. त्या माइकमधून तो दुबळा नव्हताच. शिवाय मुख्य आवाजाच्या मागे ग्रीनकडूनच आणखी ओळी गाऊन घेतलेल्या, कुठे हुंकार, कुठे उसासा, कुठे अर्धवट सोडलेला शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस गाता गाता स्वतःशीच बोलतोय.

तर आता तुमचा ट्रॅक उघडा आणि प्रामाणिकपणे बघा. माझा अंदाज आहे की तिच्या आवाजाच्या जागी सिंथ भरलेला आहे, हाय-हॅट (ड्रम्सच्या झांजांची जोडी) सोळा मात्रांनी टिकटिकतोय आणि ट्रॅकवर आधीच लिमिटर (आवाजाचे चढ दाबणारं साधन) बसवून सगळं फुगवून ठेवलंय. अशा ट्रॅकवर कोणीही जोरानेच गाईल. गायक कानात जे ऐकतो त्याच्याशी भांडतो किंवा त्यावर रेलतो. भांडायला काही ठेवूच नका.

काही गोष्टी मी नेहमी करतो, त्या सांगतो. गाण्याची पट्टी तिला विचारून ठरवत नाही, ऐकून ठरवतो. तिला ध्रुवपद तीन पट्ट्यांत गुणगुणायला लावतो, उभं राहून नाही, बसून, चहा पिता पिता, आणि ज्या पट्टीत ती बोलते तशी गाते ती धरतो. बहुतेक वेळा ती पट्टी तिने सांगितलेल्या पट्टीपेक्षा दीड-दोन सुरांनी खाली निघते. दुसरं म्हणजे हेडफोनमधला समतोल. तिचा स्वतःचा आवाज तिला कमी ऐकू येत असेल तर ती ओरडणारच. तो वर करा, ट्रॅक खाली करा, ती आपोआप सैल पडते. हे इतकं साधं आहे की लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि माझे अर्धे 'वाद' या एका बटणाने मिटले आहेत. तिसरं, पहिला टेक संपूर्ण ट्रॅकवर घेऊच नका. बास, एक कीबोर्ड आणि ठेका, बस. बाकीचं नंतर तिच्या आवाजाभोवती बांधा. आणि खोलीत माणसं कमी ठेवा. हळू गाणं ही खाजगी गोष्ट आहे, मागच्या सोफ्यावर तिघे मित्र मोबाइल बघत बसलेले असताना ती होत नाही.

माझी स्वतःची चूकही सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण गायिकेला मी दिवसभर "अजून हळू, अजून हळू" करत राहिलो. ट्रॅक भरगच्च, पट्टी चुकीची, आणि मी काचेपलीकडून हुकूम सोडतोय. संध्याकाळी मला हळू आवाज मिळाला, पण त्यात जीव नव्हता. ती थकून हळू गात होती. ते गाणं मी आजही ऐकू शकत नाही, आणि त्यानंतर ती माझ्याकडे गायला आली नाही. तिचं बरोबर होतं. मी तिच्याकडून काढून घेत होतो आणि बदल्यात काहीच देत नव्हतो.

मेम्फिसमध्ये गायकाला काय मिळालं? शब्द. हे फार महत्त्वाचं आहे आणि लोक हे विसरतात. 'लेट्स स्टे टुगेदर'ची सुरावट आणि कॉर्ड्स मिचेल आणि ड्रमर अल जॅक्सन यांच्याकडून आल्या, पण शब्द ग्रीनचे. त्याच्याआधी चाललेलं 'टायर्ड ऑफ बीइंग अलोन' तर पूर्णपणे ग्रीननेच लिहिलेलं. म्हणजे ज्या आवाजात गायचं तो निर्मात्याने सुचवला, पण त्या आवाजात म्हणायचं काय ते गायकाचं होतं. परकं काहीतरी दुबळ्या आवाजात म्हणायला कोण तयार होईल? स्वतःचं म्हणणं असलं तर हळू आवाजालाही वजन येतं. वाद काही एका दिवसात मिटला नाही, पुन्हा पुन्हा टेक झाले, ग्रीनची कुरकुर शेवटपर्यंत होती. गाणं १९७१ च्या अखेरीस बाजारात आलं आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर ग्रीनने पुन्हा तो मुद्दा काढण्याचं कारणच उरलं नाही. 'आय ॲम स्टिल इन लव्ह विथ यू' आणि 'कॉल मी' ही पुढची गाणी ऐका, ती तर आणखी हळू आहेत, आणि आता गायक त्या हळूपणात खेळतोय, मजा घेतोय.

आता तुमचा थेट प्रश्न, शेवटचा शब्द कोणाचा. मेम्फिसमध्ये तो मिचेलचा होता, आणि त्याची कारणं होती. तो वयाने मोठा, बँडचा प्रमुख, १९७० पासून कंपनीचा कारभारही त्याच्याच हाती, आणि ग्रीनला पैशाची नड असताना हात देणाराही तोच. तुमच्यापाशी यातलं काहीच नाही. तुम्ही दोघं एका वयाचे मित्र आहात. मिचेलचा अधिकार उसना आणून तिच्याशी तसं वागायला गेलात तर ती जोडी टिकणार नाही, आणि टिकूही नये.

मी बरोबरीच्या जोड्यांना असं सांगतो: ट्रॅकमध्ये काय राहील हे निर्मात्याने ठरवावं, तोंडातून काय निघेल हे गाणाऱ्याने ठरवावं, आणि बाहेर काय जाईल यावर दोघांपैकी कोणालाही 'नाही' म्हणता आलं पाहिजे. 'नाही' म्हणणाऱ्याने कारण सांगायलाच हवं असंही नाही. गळ्याला एखादी गोष्ट पटत नाही तेव्हा तिला शब्द सापडेलच असं नसतं. मात्र नाही म्हणण्याआधी एकदा मनापासून समोरच्याच्या पद्धतीने करून बघायचं, अर्धवट नाही. ग्रीनने कुरकुरत का होईना, ते केलं.

गायकाला ऐकण्याच्या बाबतीत आणखी दोन जोड्या आठवतात. १९८५ साली गायिका जॅनेट जॅक्सन मिनियापोलिसला जिमी जॅम आणि टेरी लुइस या निर्माता जोडीकडे गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वडिलांच्या देखरेखीतून नुकतीच बाहेर पडत होती. सुरुवातीचे दिवस त्यांनी स्टुडिओत काही केलंच नाही. तिला शहरात फिरवलं, गप्पा मारल्या. काम कधी सुरू करायचं असं ती विचारायला लागली, तर काम सुरू झालेलंच होतं. तिने गप्पांत जे सांगितलं तेच गाण्यांत उतरत होतं. हॉटेलबाहेर तिला काही पुरुषांनी त्रास दिला, त्यातून 'नॅस्टी' आलं. १९८६ च्या 'कंट्रोल' अल्बमवर गीतकार म्हणून आणि सहनिर्माती म्हणूनही तिचं नाव आहे. त्याआधी १९६२ साली गायिका डिओन वॉरविक आपल्याला दिलेलं वाटलेलं गाणं दुसऱ्या गायकाला गेल्यावर संगीतकार बर्ट बकरॅक आणि गीतकार हॅल डेव्हिड यांच्यावर चिडली, आणि रागाने म्हणाली, "डोन्ट मेक मी ओव्हर", म्हणजे मला बदलायला जाऊ नका. त्या दोघांनी तिचा राग उचलला आणि त्याच शब्दांवर गाणं केलं, तेच तिचं पहिलं यशस्वी गाणं ठरलं. तुमच्या मैत्रिणीचं तुमच्याशी जे बिनसलं, तेव्हा ती नेमकं काय म्हणाली ते आठवतंय का? लिहून ठेवलं असतंत तर बरं झालं असतं.

आता नावाचा प्रश्न, आणि इथे मी जरा कडक होणार आहे.

'लेट्स स्टे टुगेदर'वर तीन नावं आहेत, ग्रीन, मिचेल आणि जॅक्सन. ड्रमरचं नाव गीतकार-संगीतकारांत, कारण गाणं घडताना तो होता आणि त्याने काहीतरी घडवलं. 'टेक मी टू द रिव्हर' ग्रीन आणि टीनी हॉजेस यांनी मिळून लिहिलं. १९७४ साली ते अल्बममधलं एक गाणं होतं. १९७८ मध्ये टॉकिंग हेड्स या रॉक बँडने ते गायलं आणि ते कुठल्या कुठे गेलं. पुढे तर भिंतीवर टांगायचा, तोंड हलवून गाणारा खेळण्यातला मासा आला, त्यातही ते होतं, आणि त्या माशाने आपल्याला भरपूर पैसे मिळवून दिले असं टीनी सांगत असे. १९८३ साली टीना टर्नरने 'लेट्स स्टे टुगेदर' पुन्हा गायलं आणि तिथून तिची दुसरी कारकीर्द सुरू झाली. या प्रत्येक वेळी गायचं काम दुसऱ्याने केलं आणि लेखनाचे पैसे मूळ लिहिणाऱ्यांकडे गेले. म्हणून नाव कोणाचं हा मानापमानाचा विषय नाही, पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या मिळकतीचा आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टी मिळवण्याचा हक्क कोणा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. गीतकार-संगीतकारांची वसुली आयपीआरएस ही संस्था करते. गाणाऱ्याचा हक्क वेगळा, कलाकार म्हणून, आणि त्यासाठी इसामरा ही संस्था आहे. दोन्हीकडे सभासद व्हा, तुम्ही एकीकडे, ती दुसरीकडे, आणि लेखनात तिचा वाटा असेल तर ती दोन्हीकडे. एका शब्दाने मात्र फसू नका. आपण स्टुडिओत ज्याला 'प्रोड्यूसर' म्हणतो तो आणि कायद्यातला 'निर्माता' एकच नाही. कायद्यातला निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेणारा, त्याची जबाबदारी घेणारा. मास्टरची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, मालकी सहसा त्याच्याकडे जाते. तुम्ही ट्रॅक केला म्हणून ती आपोआप तुमचीच होते असं नाही. दोघांनी मिळून खर्च केला असेल तर दोघांची मालकी, हे लिहूनच ठेवा.

आणि तिचं नाव चालीत घालायचं का? एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही दिलेली सुरावट आणि शेवटी रेकॉर्ड झालेली सुरावट एकच आहे का? आर अँड बीमध्ये हे फार वेळा नसतं. तुम्ही चार सुरांचं ध्रुवपद दिलेलं असतं आणि गायिका त्याला वळण देते, शेवटचा सूर वर न नेता खाली सोडते, मध्ये एक शब्द दोनदा म्हणते, आणि लोक गुणगुणतात ते नेमकं तेच. ही नुसती गळ्याची हरकत, म्हणजे सजावट, नव्हे, ही रचना आहे. मुरकी घेतली म्हणून वाटा मागणं चूक. पण ध्रुवपदाचं वळण तिचं असेल तर वाटा तिचा आहे, तिने मागो न मागो. एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, शब्दांत कोणाचे किती टक्के, चालीत कोणाचे किती, दोन्ही बेरजा १००, आणि दोघांच्या सह्या. हे त्याच रात्री करा, गाणं अजून कोणी ऐकलेलं नसताना. गाणं चाललं की प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो.

कागद असला तरी जोड्या तुटतातच, ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. बकरॅक आणि डेव्हिड आपापसांत भांडून वेगळे झाले आणि मध्ये अडकली वॉरविक. तिच्या नव्या कंपनीला त्या दोघांकडून गाणी करून देण्याचा करार होता. तिला त्यांच्यावर दावा लावावा लागला. गाडी रुळावर यायला १९८५ उजाडलं. मिचेल आणि ग्रीन यांचं तुटणं वेगळ्या प्रकारचं होतं. ग्रीनचं मन सत्तरच्या दशकातच देवाकडे ओढलं जात होतं. १९७४ च्या ऑक्टोबरात त्याच्या घरात जीवघेणा प्रसंग घडला, तो भाजला, एका स्त्रीने स्वतःचा जीव घेतला, आणि त्या धक्क्याने ती ओढ पक्की झाली. १९७६ साली त्याने मेम्फिसमध्ये चर्च विकत घेतलं आणि तिथे प्रवचन करू लागला. मिचेलला प्रेमाची गाणी करायची होती, ग्रीनला देवाची. १९७७ चा 'द बेल अल्बम' ग्रीनने मिचेलशिवाय, स्वतःच निर्माता होऊन केला. त्यात तो गिटारही वाजवतो. आवाज तोच आहे, पण भोवतालची खोली बदललेली ऐकू येते, आणि मला ती आवडते. एकमेकांना फसवून ते वेगळे झाले नाहीत. गायकाला जे म्हणायचं होतं ते बदललं. शब्द त्याचे होते, आणि तेच त्याला दुसरीकडे घेऊन गेले.

म्हणूनच ते परतही येऊ शकले. १९८५ मध्ये एक भक्तिगीतांचा अल्बम त्यांनी एकत्र केला. आणि मग २००३ साली, ग्रीन सत्तावन्न वर्षांचा आणि मिचेल पंच्याहत्तरचा, दोघे पुन्हा त्याच रॉयल स्टुडिओत, त्याच उतारावर, 'आय कान्ट स्टॉप' करायला बसले. ९ आकड्याचा माइकही तोच. दोन वर्षांनी आणखी एक अल्बम झाला. जानेवारी २०१० मध्ये मिचेल गेला. स्टुडिओ आता त्याचा नातू लॉरेन्स 'बू' मिचेल चालवतो, ज्याला विलीने मुलासारखं वाढवलं. स्टुडिओसमोरच्या रस्त्याला विलीचं नाव आहे.

तुम्ही दोघांनी पुढच्या वेळी असं करा. तुमच्या ट्रॅकमधलं सगळं म्यूट करा, बास आणि एक पियानो ठेवा. पट्टी दोन सुरांनी खाली घ्या. तिच्या हेडफोनमध्ये तिचा आवाज वर करा. आणि गाण्याचा दुसरा अंतरा तिलाच लिहू द्या, तुमच्या शब्दांना हात न लावता, फक्त त्यांना उत्तर म्हणून. मग दोन टेक घ्या, एक तुम्हाला हवा तसा, एक तिला हवा तसा. दोन्ही तीन-चार दिवस कोणालाही न ऐकवता बाजूला ठेवा. आणि त्या दिवशी कागदावर सह्या केल्याशिवाय कॉम्प्युटर बंद करू नका.